कोंबलेली हवा आणि कलबुर्गीचं ऊन

मे महिन्यात कलबुर्गीत दुपारचा पारा 42 अंशांवर गेला की माणसांबरोबर गाड्याही कुरकुरायला लागतात. "मामा, गाडी ओढंना झालीय," ही तक्रार आळंदपासून औरादपर्यंतच्या गॅरेजांना नवी नाही. मिस्त्री एअर फिल्टर झटकतो, क्लच घसरतोय का बघतो, चाक हातानं फिरवून ब्रेक चिकटलेत का तपासतो. बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं. पण सगळं ठाकठीक असूनही गाडी मरगळलेली वाटत असेल, तर थोडा दोष आपल्या मुलखाचा असतो. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि बीदर सातशेच्या आसपास. एवढ्या उंचीमुळे हवेचा दाब कलबुर्गीत साधारण पाच टक्क्यांनी आणि बीदरात आठ टक्क्यांनी घटतो. वरून ऊन. तापलेली हवा विरळ होते. समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेशी ताडून पाहिलं, तर कलबुर्गीच्या उन्हाळी दुपारी त्याच सिलिंडरात सुमारे तेरा टक्के कमी हवा शिरते. हवा कमी म्हणजे जळणारं इंधन कमी, आणि इंधन कमी म्हणजे ताकद कमी.

यावरचा उपाय शंभराहून अधिक वर्षांचा आहे: हवा आपल्या मर्जीनं येत नसेल तर ती कोंबायची. इंजिनाच्याच फिरण्यावर पट्ट्यानं चालणारा हवेचा पंप म्हणजे सुपरचार्जर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंप म्हणजे टर्बो. टर्बो आता आपल्याकडे घरोघरी आहे, कारण आजची जवळपास प्रत्येक डिझेल गाडी टर्बोचीच येते. सुपरचार्जर मात्र दुर्मीळ, म्हणूनच त्याचं वेड. मोबाइलवर परदेशी पोरं अंगणात गाडी उभी करून दोन दिवसांत सुपरचार्जर बसवताना दिसतात आणि भालकीच्या किंवा बसवकल्याणच्या एखाद्या तरुणाच्या मनात प्रश्न येतो, की शहरातल्या दुकानाला एवढे पैसे मोजायचे कशाला? आपल्याकडे पाने आहेत, वेल्डर आहे, लेथ आहे. आपणच बसवू.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. निम्मं काम या मुलखात दुकानाइतकंच चांगलं होईल, क्वचित जास्तच चांगलं. अडचण उरलेल्या निम्म्याची आहे.

आधी या यंत्राची थोडी कुळकथा. सुपरचार्जरचा सगळ्यात जुना प्रकार मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटार अजून रस्त्यावर यायची होती. त्यांचा पंप कामाला आला तो लोखंडाच्या भट्ट्यांत वारा घालायला. आत दोन पाती एकमेकांना न शिवता उलट दिशांनी फिरतात. दिसायला उसाच्या चरकातल्या दोन लाटांसारखी. पण चरक मधून पिळतो आणि हा पंप हवा कडेनं, भिंतीलगत वाहून नेतो. हाच दोन पात्यांचा ब्लोअर आजही सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडायला आणि कारखान्यांत पावडर नळीतून ढकलायला वापरतात. ज्यानं कारखान्याच्या देखभाल खात्यात काम केलंय, त्याला रूट्स ब्लोअर उघडून दाखवला तर तो दचकणार नाही.

इंजिनात हवा कोंबण्याची कल्पना गॉटलिब डाइम्लरनं 1885 च्या पेटंटात मांडली. धुरावर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशीनं 1905 मध्ये घेतलं. 1921 मध्ये मर्सिडीझनं बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात सुपरचार्जरच्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांवर हे प्रयोग झाले होते, कारण उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाची ताकद गळते. म्हणजे बीदरच्या पठारावर जे दुखणं किरकोळ असतं, तेच आकाशात जिवावर बेततं.

मराठी माणसाचा सुपरचार्जरशी एक ठळक संबंध आला तो राजवाड्यातून. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे गाडी मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनी बॉडी चढवून घेतली. सुपरचार्जर नसलेली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगण्यानुसार 265 अश्वशक्तीची, सुपरचार्जरची 320 ची. गाडी आजही जगातल्या नामवंत जुन्या गाड्यांत मोजली जाते. महाराजांनी पाना हातात घेतला नसावा, हे उघड आहे. तेव्हा ही गोष्ट खजिन्यावर अवलंबून होती, आता ती हौसेवर आली, एवढाच फरक.

हातांची गोष्ट मात्र आपल्याकडे वेगळ्या वाटेनं आली. बीदर आणि गुलबर्गा (आजचं कलबुर्गी) तेव्हा निजामाच्या राज्यात होते. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यानं 27 बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. जिथं बस तिथं डेपो, आणि डेपो म्हटला की फिटर आलाच. दुसरीकडून आलं विहिरीवरचं इंजिन. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानं पुण्यात 1946 मध्ये ऑइल इंजिनांची कंपनी काढली, आणि पुढे दख्खनच्या खेड्याखेड्यांत वीज पोचण्याआधी डिझेल इंजिन पोचलं. ऐन पेरणीत ते बंद पडलं की शहरातून कोणी येणार नसे. व्हॉल्व्ह घासणं, रिंगा बदलणं, नोझल साफ करणं हे गावातच कोणीतरी शिकायचा. या सगळ्यावर कळस बसवकल्याणच्या ऑटोनगराचा. ट्रकची बॉडी बांधणारे, पाटे ठोकणारे, चासी सरळ करणारे, रेडिएटर झाळणारे, पंप-नोझलवाले, सगळे एका वस्तीत. पाट्या कन्नडमध्ये, हिशेब मराठीत, आणि कामाची भाषा दखनी: पोरगं भालकीचं मराठा असो की हुमनाबादचं लिंगायत, मालकाला ते "उस्ताद"च म्हणतं.

अशा वस्तीत सुपरचार्जर बसवायचं यांत्रिक काम अवघड नाही. उदाहरणाला जुनी मारुती जिप्सी घेऊ. हिचं इंजिन 1298 सीसीचं. चार स्ट्रोकचं इंजिन प्रत्येक फेऱ्याला आपल्या क्षमतेच्या निम्मी हवा ओढतं, म्हणजे 649 सीसी. जपानच्या आयसिन कंपनीचा एएमआर 500 हा छोटा ब्लोअर हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. तो एका फेऱ्याला 500 सीसी हवा देतो. क्रँकची पुली ब्लोअरच्या पुलीच्या 1.8 पट ठेवली, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात ब्लोअर 900 सीसी ढकलेल. 649 च्या जागी 900, म्हणजे कागदावर सुमारे 1.4 पट. हा हिशेब दहावीच्या मुलाला येतो आणि पुली कुठलाही चांगला टर्नर करून देतो.

खरी कसोटी ब्रॅकेटची. ब्लोअर इंजिनाला धरून ठेवणारं हे लोखंड जाड पत्र्याचं हवं, तिन्ही बाजूंनी आधार दिलेलं हवं, आणि इंजिनाच्याच अंगावर बसवलेलं हवं. चासीवर बसवलं तर इंजिन हललं की पट्टा ताणतो आणि सैल पडतो. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग प्लायचा, मग लोखंड. वेल्डिंगनंतर पत्रा ओढला जातो, हे वेल्डरला सांगावं लागत नाही. पण ओढलेला पत्रा पुन्हा मशीनवर सपाट करून घ्यायचा कंटाळा करतात आणि तिथं फसतात. क्रँकच्या आणि ब्लोअरच्या पुलीवर सरळ पट्टी धरली तर ती चारही कडांना टेकली पाहिजे. एक-दोन मिलिमीटरचा तिरकेपणा डोळ्याला दिसत नाही, पण पट्टा ओरडतो, कडेनं झिजतो आणि एक दिवस हायवेवर तुटतो. पट्ट्याला टेन्शनर हवाच. मग हवेच्या नळ्या, त्यांच्या पक्क्या क्लिपा आणि बायपास व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटर सोडला की कोंबलेल्या हवेला परतीची वाट लागते, ती हा व्हॉल्व्ह देतो. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी दाबाच्या बाजूला राहिली तर ऑइल सीलमधून तेल फेकलं जातं, म्हणून तिथं एकमार्गी व्हॉल्व्ह लागतो. हे विसरणारे पुष्कळ.

आणि धूळ. परदेशी चलचित्रांत एअर फिल्टरला कोणी फार महत्त्व देत नाही. आपल्याकडे काळ्या रानाची धूळ, शहाबाद फरशीच्या खाणींची भुकटी, वाडी आणि सेडमच्या सिमेंट पट्ट्यातली हवा. ब्लोअरच्या पात्यांतली फट मिलिमीटरच्या अंशात मोजतात. एकदा धूळ शिरली की पात्यांवर ओरखडे पडतात, हवा मागे गळते आणि यंत्र नुसतं गरम होतं. छोटा, दिसायला झोकदार फिल्टर लावण्यापेक्षा कंपनीची मूळ फिल्टरची पेटी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथपर्यंत दुकानाची गरज नाही. यापुढचं काम पान्यानं होत नाही.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप खालच्या टोकाला गरम लागतो, तेच. कलबुर्गीची 42 अंशांची हवा 1.4 पट दाबली आणि ब्लोअरची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान 95 अंशांच्या घरात जातं. तापलेली हवा पुन्हा विरळ, त्यामुळे चाळीस टक्के जास्त दाबाचे हाती लागतात फक्त वीस टक्के. मध्ये इंटरकूलर घातला आणि तो त्या वाढीव उष्णतेतला सत्तर टक्के भाग काढू शकला, तर हवा 58 अंशांवर येते आणि फायदा तेहतीस टक्क्यांपर्यंत चढतो. त्यातून ब्लोअर फिरवायला लागणारी पाच-सहा अश्वशक्ती वजा करा, ती इंजिनाच्याच खिशातून जाते. हा हिशेब लंडनच्या थंडीत वेगळा येतो आणि सेडममध्ये वेगळा. लंडनच्या माणसानं इंटरकूलरशिवाय गाडी चालवली म्हणून आपणही चालवावी, हे गणित चुकतं.

तापलेली, दाबलेली हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण ठिणगी पडल्यावर शिस्तीत जळण्याऐवजी उरलेल्या कोपऱ्यात एकदम भडकतं. याला गॅरेजात नोकिंग म्हणतात. चढावर जुनी गाडी टणटण वाजते, ते याचंच सौम्य रूप. सुपरचार्जरच्या इंजिनात ते सौम्य राहत नाही. पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं, हेड पॅकिंग फुटतं. काही सेकंद पुरतात, आणि वरच्या आवाजात, पट्ट्याच्या शिट्टीत, ड्रायव्हरला ते ऐकूही येत नाही.

ते टाळायचं तर इंधन आणि ठिणगीची वेळ दोन्ही बदलावी लागतात, आणि अडतं ते इथंच. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथं संगणक इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो, हवेचा दाब मोजणारा सेन्सर बाहेरच्या दाबापर्यंतच मोजेल असा बनवलेला असतो, कारण त्यावर दाब जाणारच नव्हता. ब्लोअर बसवल्यावर दाब त्याच्या पलीकडे जातो आणि संगणकाला तो दिसतच नाही. हवा वाढलेली, पेट्रोल तेवढंच. म्हणजे नेमकं जिथं इंधन जास्त हवं, तिथं मिश्रण कोरडं पडतं. मग मोठे इंजेक्टर, जास्त दाब वाचणारा सेन्सर, नव्यानं लिहिलेला किंवा बाहेरून बसवलेला संगणक. पेट्रोलच्या पूर्ण जळणाला 14.7 भाग हवा लागते. दाबाखाली इंजिन वाचवायचं तर मिश्रण साडेअकरा-बाराच्या आसपास दाट ठेवतात. आता आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे.  इथेनॉल नोकिंगला बरा आवर घालतो, पण त्याला हवा फक्त नऊ भाग पुरते, म्हणजे पेट्रोल आणखी जास्त सोडावं लागतं. परदेशातून आणलेला तयार आकड्यांचा तक्ता इथं जसाच्या तसा चालत नाही.

हे सगळं बघायला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागतो, जो सायलेन्सरच्या नळीत बसून मिश्रण दाट की कोरडं ते क्षणोक्षणी सांगतो. नोकिंग ऐकायला इंजिनाच्या ब्लॉकला घट्ट बसवलेला माइक लागतो. हवेचं तापमान आणि दाब नोंदवून ठेवणारं काहीतरी लागतं. दुकान पैसे घेतं ते याचे. बोल्ट आवळायचे नव्हे. मिस्त्रीचा कान आणि नाक मोठी गोष्ट आहे. धुराच्या रंगावरून तो पंपाचं दुखणं सांगतो. पण पेट्रोल इंजिनात पिस्टन वितळायच्या आधी धूर रंग बदलत नाही.

डिझेलवाल्यांना वाटेल आपलं बरं आहे. डिझेलला नोकिंगची ही भानगड नाही, हे खरं. म्हणूनच जुन्या बिनटर्बोच्या जीपला भंगारातला टर्बो जोडायचे प्रयोग होतात. तिथं दुसरा मोह असतो: पंप वाढवायचा, म्हणजे स्क्रू फिरवून डिझेल जास्त सोडायचं. काळा धूर निघतो आणि ड्रायव्हरला जोर वाटतो. हवेच्या मानानं डिझेल जास्त झालं की धुराचं तापमान चढत जातं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बोची पाती भाजतात. धुराचं तापमान मोजायचा काटा लावलेली जीप मात्र सहसा दिसत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून तर पुणे-हैदराबाद हायवेवरच्या ढाब्यांवर जाणते ड्रायव्हर गाडी लावल्या लावल्या बंद करत नाहीत, मिनिटभर चालू ठेवतात. तेल थांबलं आणि टर्बो तापलेलाच राहिला तर तेल तिथंच जळून कोळसा होतं. भंगारातल्या टर्बोला तेलाची नळी नीट जोडली नाही, तर तो फार दिवस टिकत नाही.

एवढं करून गाडी रस्त्यावर आली की कायदा उभा राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातली माहिती आणि कंपनीनं ठरवलेलं रूप यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं 182 अ हे कलम नव्या रूपात आलं: नियमाविरुद्ध बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पाटी केए-38 असो, केए-39 असो की केए-56, आणि सीमा ओलांडून एमएच-24 च्या हद्दीत गेलात तरी कायदा केंद्राचाच. अपघात झाला तर न सांगितलेला बदल विमा कंपनी पहिल्यांदा शोधते, हे वेगळंच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवतात. 2021 च्या अखेरीस त्यांनी भंगारातून, दुचाकीचं इंजिन वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण त्याच दमात म्हटलं की नियमांत बसत नसल्यानं ती आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहारांच्या कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि घरची जीप कंपनीकडे गेली. त्या गोष्टीचा गोड भाग सगळ्यांनी वाचला. कडू भाग एवढाच की हुशार हातांनी बनवलेल्या वस्तूला रस्त्यावर कायदेशीर जागा नव्हती, आणि प्रत्येकाला बोलेरो मिळणार नाही.

मग करायचं काय? रोजच्या गाडीला सुपरचार्जर लावू नये, असं मी सरळ सांगेन. ज्या गाडीनं आई दवाखान्यात जाते आणि पोरं शाळेत जातात, तिच्यावर हा प्रयोग नको. ती ओढत नसेल तर कॉम्प्रेशन मोजा, टॅपेट लावून घ्या, क्लच बघा. बहुतेक हरवलेली ताकद तिथं परत मिळते आणि आरटीओला सांगावं लागत नाही. ज्याच्याकडे शेतात उभी जुनी जिप्सी आहे, रस्त्यावर न आणता खासगी जागेत ती चालवायची हौस आहे, त्यानं खुशाल बसवावा. ब्रॅकेट, पुली, नळ्या, इंटरकूलर घरी. मिश्रण आणि ठिणगीची वेळ लावायला मात्र यंत्रं असलेल्याकडे जावं, आणि पहिली खरेदी ब्लोअरची करू नये, वाइडबँड मीटरची करावी.

आणि एक विनंती आपल्याच संस्थांना. बीदरात गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कलबुर्गीत 1958 पासूनचं पीडीए, भालकीतही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मेकॅनिकल शाखेच्या मुलांना इंजिनाची चाचणी अभ्यासक्रमात असते: डायनॅमोमीटरवर भार टाकून अश्वशक्ती मोजणं, धुराचं तापमान घेणं, इंधनाचा हिशेब करणं. ऑटोनगरातल्या उस्तादाला नेमकं तेच हवं असतं, आणि त्या मुलांना हवा असतो उस्तादाचा हात. महिन्यातला एक रविवार त्या प्रयोगशाळा मिस्त्री लोकांसाठी उघड्या ठेवा. नाममात्र फी घ्या, हवं तर. पुढच्या उन्हाळ्याआधी एका तरी महाविद्यालयानं हे सुरू करावं.